कंपनीचा वार्षिक अहवाल मागून वाचा

मी हिशेब तपासण्याचं काम करते, म्हणून कळकळीने सांगते: फोटोंची गुळगुळीत पानं सरळ उलटा आणि आधी हिशेबाच्या टिपा गाठा. तिथे ‘संभाव्य देणी’ शोधा. कामगारांचे, प्रदूषणाचे, कराचे कोर्टात अडकलेले दावे बारीक अक्षरांत तिथेच सापडतात. मग उपकंपन्यांची यादी. प्रत्येक उपकंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती (ब्रिटनमध्ये १८९६ च्या सॅलोमन खटल्यात हे पक्कं झालं), त्यामुळे तिने केलेल्या नुकसानीची भरपाई मूळ कंपनीकडून मिळवणं फार अवघड जातं. मला हे मनापासून खटकतं. शेवटी कार्बनचे आकडे: ‘स्कोप ३’, म्हणजे पुरवठादार आणि ग्राहकांकडे होणारं उत्सर्जन, गाळलंय का बघा. तेल कंपन्यांचं बहुतेक उत्सर्जन त्यातच येतं.