नाशिकहून एका दिवसाचा मोठा ट्रेक: आधी पट्टा ठरवा, मग गड

कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७. फरक जेमतेम ऐंशी मीटरचा, म्हणून एकाच तयारीवर दोन्हीकडे निघणारे बरेच असतात. पण इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि पूर्वेला येवला-मनमाडकडे त्याहूनही कमी. घाटमाथ्यावर ढग रिते होतात, मागच्या मुलखाला उरलंसुरलं मिळतं. म्हणून इथे गडाची उंची नंतर बघायची. तो पावसाच्या कोणत्या पट्ट्यात आहे, हे आधी.

पहिला पट्टा त्र्यंबक-इगतपुरी-कळसूबाईचा. जून ते सप्टेंबर इथे धुकं, शेवाळ आणि भरलेले ओढे. पावसाळ्यात जायचंच असेल तर मळलेली, लोखंडी शिड्यांची कळसूबाईची वाट ठीक. पायथ्याच्या बारी गावातून आठशे मीटरहून जास्त चढ आहे, पण वाट चुकत नाही. हरिहर गडाच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या मात्र भर पावसात, त्यातही शनिवार-रविवारी, टाळाव्यात. पायरी अरुंद आहे, हाताला खोबणी आहेत, पण वर चढणारे आणि खाली उतरणारे एकाच वेळी आले की थांबायला जागाच उरत नाही. ओढ्याचं पाणी गुडघ्यापर्यंत आणि गढूळ असेल तर परत फिरा. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी वर जोराचा पाऊस झाला की तासाभरात फुगतो. या पट्ट्यातली लांबची वाटचाल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. कुलंगगड तेव्हा एका दिवसात होतो, पण चढ पायांचा जीव काढणारा आहे. शेजारच्या अलंग-मदन गडांना दोर, साहित्य आणि शिकलेला म्होरक्या लागतो. ते एका दिवसाच्या हौसेचं काम नाही.

दुसरा पट्टा सातमाळा. अचला-अहिवंतापासून सप्तशृंगी, धोडप, चांदवड करत ही रांग मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईपर्यंत पूर्व-पश्चिम पसरली आहे. एकाच रांगेचं पश्चिमेचं टोक सप्टेंबरात हिरवंगार आणि निसरडं, तर पूर्वेचं टोक कोरडं असतं. पावसाळ्यात चालायला हीच रांग सर्वात सोयीची असं आमचं मत आहे. पाऊस बेताचा, ढग वर, वाट दिसते. रांग आडवी असल्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेकडचा उतार दिवसभर तापतो आणि उत्तरेकडचा सावलीत राहतो. ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीनंतर चढाई उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या अंगाने ठेवली, तर सकाळचे तास सावलीत जातात. धोडप करताना निघायला आठ वाजवले, तर ही सगळी सोय फुकट जाते.

तिसरा पट्टा बागलाणचा: साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, मांगी-तुंगी. इथे उघडा डोंगर, सावली कमी. ऑक्टोबराच्या सुरुवातीला गवत छातीइतकं आणि वाट त्याखाली बुजलेली, त्यात दमट ऊन. डिसेंबर-जानेवारी उत्तम. मार्च उजाडला की दहाच्या आत माथा गाठता येत नसेल तर बेत बदला.

आता दगड. हे सगळे डोंगर लाव्हाच्या थरांचे आहेत. कठीण थर टिकून त्याचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो. म्हणून वाटेला ठरलेला क्रम येतो: पायथ्याची शेतं, सोंड (डोंगराची उतरती धार), पदर (मधली सपाटी), मग कातळकड्यातली नाळ (अरुंद घळ) किंवा कोरीव पायऱ्या, आणि वर पुन्हा सपाटी, म्हणजे माची. दम उतारावर लागतो, वेळ कड्यावर जातो. नकाशावर अंतर मोजून काढलेला वेळ चुकतो तो यामुळेच. आमचा हिशोब असा: सपाटीला ताशी चार किलोमीटर धरा, त्यात दर ३०० मीटर चढाला एक तास मिळवा, आणि प्रत्येक कातळटप्प्याला माणशी पाच मिनिटं. आठ जणांना एक अवघड टप्पा म्हणजे चाळीस मिनिटं, आणि उतरताना पुन्हा तेवढीच. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर मोठा बेत आखूच नये.

घात होतो तो उतरताना. मऊ थराचा मुरूम सुटून खालच्या कातळावर ज्वारीचे दाणे सांडल्यासारखा पसरतो. घसारा म्हणतात तो हाच. पावसात तो दबलेला असतो, डिसेंबरनंतर मोकळा होतो. म्हणजे कोरडी वाट सुरक्षित हा समज इथे खोटा. शरीर मागे रेलून टाच रोवायला गेलं की पाय पुढे निसटतो. गुडघे वाकवा, वजन पायावर ठेवा, पावलं छोटी टाका आणि तिरकं उतरा. पायऱ्यांवर तोंड कातळाकडे करूनच उतरायचं. वरच्याने दगड सोडला तर खालच्याला लागतो, म्हणून नाळेत एका वेळी एकच माणूस. बूट खोल खाचांच्या तळाचे हवेत. पळायचे मऊ बूट घसाऱ्यावर धरत नाहीत.

पाणी: थंडीत आठ तासांच्या चालीला माणशी तीन लिटर, मार्चमध्ये पाच. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांतलं पाणी पश्चिम पट्ट्यात दिवाळीनंतरही टिकतं, पण त्यावर हिशोब बांधू नका. घ्यावंच लागलं तर गाळून, शुद्ध करून प्या. एक लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर आणि आपल्याकडचा बेदाणा. निम्मं पाणी संपलं आणि माथा आला नाही, तर तिथूनच परत.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. खाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर झटकत उभं न राहता तोंड झाकून खाली पळा. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारनंतर चढतात. वीज चमकून तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर माथा, झेंड्याचा खांब आणि लोखंडी शिड्या सोडा. फुरसं हा विषारी साप दगडाच्या कपारीत असतो, तेव्हा हात ठेवण्याआधी बघा. चावलं तर दोर आवळू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ लावा.

जानेवारीतला साल्हेर-सालोटा असा बसवता येतो. नाशिकहून पहाटे तीनला निघून सटाणा-ताहाराबादमार्गे पायथ्याचं वाघांबे गाव. साडेसहाला चालायला सुरुवात. पहाटे थंड हवा खोलगटात साचते, त्यामुळे पायथ्याशी हुडहुडी भरते. माथ्यावर थंडीपेक्षा वारा झोंबतो. स्वेटर पहिल्या चढाआधी काढा, विंडचीटर वर कामी येतो. दोन गडांमधल्या खिंडीत पोचलात की आधी सालोटा करा, कारण तिथला घसारा ताज्या पायांनी झेपतो. साडेअकरापर्यंत खिंडीत परत आलात तरच साल्हेर, नाहीतर तसेच खाली. साल्हेरच्या दरवाजांच्या पायऱ्या, गंगासागर तलाव आणि शेवटी परशुराम मंदिराचा माथा. मंदिरापाशी कितीही वाजता पोचा, अडीचला उतरायला लागायचंच. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि घसाऱ्याची वाट बॅटरीच्या उजेडात दुप्पट वेळ खाते. बॅटरी तरीही प्रत्येकाकडे हवी. आणि गाडी चालवणारा पहाटे तीनपासून जागा असेल, तर परतीला दुसरा चालक आधीच ठरवून ठेवा.