सड्यावरच्या गोल्फ मैदानाची फेररचना : आधी पाणी, मग वारा, मग अंतर

जुने गोल्फ मैदान मोठ्या स्पर्धेच्या तोडीचे करायचे ठरले की क्लबच्या पहिल्याच बैठकीत हमखास विचारले जाते, ‘आणखी किती यार्ड वाढवता येतील?’ पुरुषांच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धा आज साधारण ७,००० ते ७,५०० यार्डांच्या मैदानांवर होतात, तेव्हा प्रश्न गैर नाही. मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, त्याचा क्रमांक तिसरा लागतो. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे आधी पाहावे, वारा कोणत्या वेळी कुठून वाहतो हे त्यानंतर पाहावे, आणि या दोन्हींची उत्तरे हाती आल्यावरच टी (होलचा पहिला फटका मारण्याची जागा) मागे सरकवायचा की नाही ते ठरवावे. हा क्रम उलटा केला की खर्च दोनदा होतो. मी तो भोगला आहे.

पाहणी पावसाळ्यातच करावी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या किनाऱ्यावर सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नकाशावरच्या समोच्च रेषा जे सांगत नाहीत ते जुलैतली एक सर सांगून जाते. मोठी सर थांबल्यावर अर्ध्या तासाने बांबूच्या काठ्यांची मोळी घेऊन निघावे आणि जिथे पाणी साचले असेल तिथे एकेक काठी रोवावी. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने फिरून, ज्या काठीभोवती पाणी तसेच उभे असेल तिला लाल चिंधी बांधावी. या चिंध्यांच्या जागा नकाशावर चढवल्या की निम्मा आराखडा तयार होतो. जुने कॅडी (खेळाडूंची पिशवी वाहणारे मदतनीस) आणि माळी यांना आवर्जून सोबत न्यावे. एका मैदानाच्या चौथ्या होलवर (टीपासून खड्ड्यापर्यंतचा खेळाचा एक टप्पा) फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, मधोमध आम्ही उभे असताना तिथले वयस्क माळीकाका म्हणाले, ‘हयसर पाणी दसऱ्यापर्यंत सुकना नाय.’ मोजणीच्या नकाशात ती जागा चांगल्या उताराची होती. गवताखाली हात घातला तर माती गार आणि लिबलिबीत लागली, आणि वीतभर उकरल्याबरोबर खळग्यात खालून स्वच्छ पाणी भरू लागले. तो झरा होता.

असे होण्याचे कारण जांभ्यातच आहे. वरून कातळ कितीही टणक दिसला तरी जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी आत घेतो, पण त्याच्याखाली बहुधा चिकणमातीचा थर असतो आणि तिथे अडलेले पाणी आडवे सरकत सड्याच्या उताराच्या पोटातून बाहेर पडते. अशा ठिकाणी फेअरवेवर भर घालणे किंवा वाळू पसरणे व्यर्थ आहे. उताराच्या वरच्या अंगाला आडवा चर खणावा, तो चिकणमातीच्या थरापर्यंत खोल न्यावा, तळाशी छिद्रांची नळी घालून भोवती खडी भरावी आणि पाणी जवळच्या पऱ्ह्यात (पावसाळी ओढ्यात) सोडावे. पऱ्ह्या मात्र नळीत कोंडू नये. तो उघडा ठेवला तर पावसाचे पाणी तुंबत नाही, आणि हिवाळ्यात कोरडा पडल्यावरही त्याचे पात्र खेळाडूला विचार करायला लावते.

याच फेरीत, जिथे हात लावायचा नाही त्या जागाही आखून घ्याव्यात. सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत, त्यामुळे उघड्या कातळावर यंत्र चढवण्यापूर्वी जाणकाराकडून तो तपासून घ्यावा. खाडीकाठी २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखीव असतो. तिथे टीसुद्धा कल्पू नये. आणि जिथे श्रावणात तेरडा व सीतेची आसवे फुलतात तो कातळ खेळाबाहेर तसाच ठेवावा, कारण त्याच्याइतके देखणे रफ (फेअरवेबाहेरचे वाढू दिलेले गवत) कुणाला लावून येणार नाही.

आता ग्रीन, म्हणजे होलचा खड्डा असतो ती बारीक कापलेल्या गवताची जागा. अमेरिकी गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, घालून दिलेली रीत कोकणालाही लागू पडते: तळाशी सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या नळ्या जास्तीत जास्त ५ मीटर अंतराने, त्यांवर १० सेंटिमीटर खडी आणि खडीवर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण. या मिश्रणातले किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असावेत, आणि त्यातून तासाला किमान १५ सेंटिमीटर पाणी खाली उतरावे. प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय एकही डंपर रिकामा करू देऊ नये. एकदा वाळू वेळेवर मिळेना म्हणून मी एका ग्रीनच्या मिश्रणात स्थानिक लाल माती अंदाजाने वाढवायला संमती दिली. उन्हाळाभर ते ग्रीन सर्वांत हिरवे होते. जुलैत मातीचे बारीक कण खडीच्या तोंडाशी बसले आणि त्या ग्रीनवर भाताच्या खाचरासारखे पाणी उभे राहिले. पुढच्या हंगामात ते तळापासून उकरावे लागले. समुद्राची वाळूही टाळावी. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

गवताच्या बाबतीत आपल्याला परके वाटण्याचे काहीच कारण नाही. जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या मैदानांवरचे बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनसाठी तिच्या संकरित बुटक्या जाती वापरतात. खाडीच्या मचूळ पाण्यावर शिंपण करावे लागणार असेल तर खारे पाणी सोसणारे पॅस्पॅलम निवडावे. सड्यावरची माती आम्ल असते, म्हणून लागवडीआधी तपासणी करून चुना द्यावा.

पाण्याची व्यवस्था लागली की वाऱ्याकडे वळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला खेळाचा खरा हंगाम. या दिवसांत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहतो, आणि दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. समुद्राकडे तोंड असलेला ४३० यार्डांचा पार चारचा (चार फटक्यांत पुरा व्हावा असा) होल सकाळी सातला ड्राइव्हनंतर, म्हणजे टीवरच्या लांब फटक्यानंतर, छोट्या आयर्नचा (कमी अंतराच्या लोखंडी काठीचा) असतो; दुपारी तीनला तोच खेळाडू दुसऱ्या फटक्याला लाकूड (लांब मारणारी ‘वुड’ काठी) काढतो. समोरचा वारा जेवढे अंतर खातो तेवढे पाठचा वारा परत देत नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणून लांब होल सगळे एकाच दिशेला तोंड करून ठेवू नयेत. स्कॉटलंडमधल्या म्यूरफिल्डचे पहिले नऊ होल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बाहेरून फिरतात आणि पुढचे नऊ त्यांच्या आतून उलट दिशेने, त्यामुळे वारा सतत कूस बदलतो. जागा अरुंद असेल तर एवढे साधणार नाही, पण निदान होलांचा क्रम बदलता येतो का ते पाहावे. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलवर १९३४ मध्ये मास्टर्सची पहिली स्पर्धा झाली तेव्हा आजचे शेवटचे नऊ होल आधी खेळले गेले होते. १९३५ पासून क्रम उलटवला, आणि मैदानाचा शेवट कायमचा रंगतदार झाला. एक घमेले माती न हलवता मिळणारी ही सुधारणा सर्वांत आधी तपासावी.

अंतराचा प्रश्न आता येतो, आणि माझ्या मते तो खरे तर कोनाचा प्रश्न आहे. मैदानाचे रेटिंग (काठिण्याचा आकडा) करताना स्क्रॅच, म्हणजे पार गाठू शकणाऱ्या, पुरुष खेळाडूचा ड्राइव्ह २५० यार्ड आणि बोगी, म्हणजे दर होलला साधारण एक फटका जास्त लागणाऱ्या, खेळाडूचा २०० यार्ड धरतात. महिलांसाठी हे आकडे २१० आणि १५० आहेत. प्रत्येक होलवर या चारही ठिकाणी खुंट्या ठोकाव्यात आणि प्रत्येक खुंटीजवळ उभे राहून ग्रीनकडे पाहावे. समजा, डाव्या कडेने चिऱ्यांचा जुना गडगा (दगडी बांध) जातो आहे. तो पाडण्याऐवजी फेअरवे त्याला भिडवावा आणि ग्रीनचे तोंड त्याच बाजूने उघडे ठेवावे, म्हणजे गडग्याला लगटून मारण्याचे धाडस करणाऱ्याला मोकळी वाट मिळते, तर उजवीकडे निवांत मारणाऱ्याला पुढचा फटका बंकरवरून (वाळूच्या खड्ड्यावरून) उचलून मारावा लागतो. साध्या सभासदालाही उजवीकडे भरपूर रुंदी मिळते आणि त्याचा चेंडू हरवत नाही. करवंदीच्या जाळ्या फेअरवेच्या कडेपासून दहा-पंधरा पावले मागे हटवाव्यात. रुंदी देऊनही मैदान कठीण ठेवता येते याचा पुरावा अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट क्रमांक दोन या मैदानावर आहे. तिथे २०१०-११ मध्ये मैदान-रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी रफचे सुमारे ३५ एकर गवत काढून मूळची वाळू आणि रानगवत परत आणले, आणि २०१४ मध्ये पुरुषांची व महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या दोन आठवड्यांत त्याच मैदानावर झाली.

बंकरांत वाळू उभ्या कडेवर चढवू नये. पहिल्याच सरीत ती तळाशी येते. तळ सपाट, कडा हरळीच्या, आणि वरच्या अंगाला पाणी वळवणारा उथळ पन्हळ, एवढे पुरे.

ग्रीनच्या चढउताराचा निर्णय त्याच्या वेगावर अवलंबून असतो. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये कल्पिलेली खाचेची मोजपट्टी (स्टिम्पमीटर) यूएसजीएने सुधारून १९७८ मध्ये वापरात आणली. तिच्यावरून सोडलेला चेंडू सपाट जागी किती फूट जातो तो ग्रीनचा वेग. आठ फूट वेगाच्या ग्रीनवर चार टक्के उतार छान खेळतो, पण स्पर्धेसाठी तेच ग्रीन बारा फुटांवर नेले तर चेंडू होलजवळ थांबतच नाही. म्हणून प्रत्येक ग्रीनवर दोन-तीन टक्क्यांच्या आतले चार-पाच निराळे भाग राखावेत आणि तीव्र वळणे त्यांच्या मधल्या जागेत ठेवावीत.

कामाचे वेळापत्रक निसर्गाने आधीच आखलेले आहे. दसऱ्यानंतर मातीकाम, जानेवारीअखेर नळ्या आणि खडी, फेब्रुवारीत हरळीची लागवड. तिला जमीन झाकायला दहा-बारा आठवडे लागतात, आणि मृगाआधी उघडी माती उरता कामा नये. पैसे कमी पडत असतील तर दर वर्षी सहा होल घ्यावेत, पण अठरा होल अर्धवट उघडे टाकून पावसाला सामोरे जाऊ नये.

मैदान खुले करताना रेटिंग नव्याने करून घ्यावे. स्लोप रेटिंग, म्हणजे मैदान स्क्रॅच खेळाडूपेक्षा बोगी खेळाडूला किती जास्त कठीण जाते त्याचा आकडा, ५५ ते १५५ च्या दरम्यान असते आणि ११३ हे प्रमाण मानतात. कोर्स रेटिंग (स्क्रॅच खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) थोडेच वाढून स्लोप मात्र एकदम चढला असेल, तर फेररचनेचा भार चांगल्या खेळाडूंपेक्षा साध्या सभासदांवर जास्त पडला आहे असे समजावे आणि पुढच्या टींची जागा पुन्हा पाहावी. मग पहिल्या जुलैत त्याच बांबूच्या काठ्या घेऊन त्याच वाटेने फिरावे, आणि एखाद्या काठीला पुन्हा लाल चिंधी बांधावी लागली तर दसऱ्यानंतरचा पहिला चर तिथेच खणावा.