रान ओलं, तरी पीक माना टाकतंय? खाऱ्या पाण्यावर या चुका टाळा

रान चांगलं ओलं असतं तरी दुपारी पीक माना टाकतं, आणि ते बघितलं की हात सरळ मोटरच्या बटणाकडे जातो. पाणी मचूळ असेल तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्षारांमुळे मातीतलं पाणी मुळांना सहज ओढता येत नाही, म्हणजे पाणी आहे पण पिकाच्या उपयोगाचं नाही. त्यात ऊन लागलं की पाणी उडून जातं, क्षार मात्र तिथंच, आणि ओलावा निम्म्यावर आला की उरलेलं पाणी जवळपास दुप्पट खारं झालेलं असतं. म्हणून बटण दाबायच्या आधी वीतभर उकरून माती मुठीत दाबून बघा, लाडू झाला तर पाणी कमी नाहीये, दुखणं दुसरंच आहे.

टेन्शियोमीटर लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. माती पाणी किती घट्ट धरून बसलीय एवढंच तो सांगतो, क्षारांची ओढ त्यात दिसतच नाही!

दुसऱ्याची पाण्याची पाळी बघून आपली पाळी ठरवणं, हीपण नेहमीची चूक. पाणी एकच असलं तरी वाळूसर रान लवकर सुकतं म्हणून ताण लगेच बसतो, पण तिथले क्षार धुवूनही पटकन जातात, म्हणून थोडं थोडं आणि लवकर लवकर द्यायचं. भारी चिकण जमिनीत उलटं, ताण उशिरा दिसतो पण क्षार हंगामामागून हंगाम साठत जातात, आणि क्षारानं बेजार झालेलं पीक मुळात पाणीच कमी पितं, त्यामुळे जुन्याच पाळीनं देत राहिलात तर वाफसा (ओल आणि हवा दोन्ही बेताची) येतच नाही, मुळं गुदमरतात, पीक पुन्हा कोमेजतं आणि आपण पुन्हा पाणी सोडतो.

पाण्याची ईसी (क्षार किती ते सांगणारं माप, डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये) 0.7 च्या खाली असेल तर सहसा काळजी नाही, 3 च्या वर मात्र जपूनच. जमिनीची ईसी वेगळी, ती वेगळी तपासा. जमिनीची ईसी 1 च्या पुढे गेली की घेवडा कुरकुरतो, कांदा 1.2 ला, बार्ली मात्र 8 पर्यंत तग धरते.

क्षार धुवायला जास्तीचं पाणी लागतं हे खरं (पाण्याची ईसी 2 आणि पीक जमिनीची 2.5 ईसी सोसणारं असेल तर साधारण पाचवा हिस्सा जादा), पण निचरा नसेल तर हेच पाणी क्षार घेऊन पुन्हा वर येणार. आणि जिप्सम सोडियम जास्त असलेल्या जमिनीवर चालतं, नुसत्या खारवट जमिनीत टाकून काही होत नाही.

ठिबकवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला जमतात, हलका पाऊस आला की तेच मुळांकडे ढकलले जातात. तेव्हा रिमझिम सुरू झाली म्हणून ठिबक बंद करू नका, चालूच राहू द्या.