गुहेत जायचंय? आधी वही धरायला शिका

चंद्रपूर-यवतमाळकडच्या कोरपना, राजुरा, वणी या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आले ते चुनखडीमुळे. गुहेच्या नादी लागलेल्या पोरांनीही आधी हाच दगड ओळखायला शिकावं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, फटीत उतरतं आणि चुनखडी विरघळवत जातं. गुहा अशी घडते. मेळघाटातला काळा बेसाल्ट असा विरघळत नाही. तिथल्या कपारी वेगळ्या कारणांनी पडतात. अकोला जिल्ह्यातल्या पातूरला जे आहे ती तर माणसानं कोरलेली लेणी. म्हणून मोहीम आखताना पहिल्यांदा भूशास्त्रीय नकाशा उघडायचा. दोर नंतर.

नकाशाच्या पाठोपाठ गुराखी. ‘आम्ही गुहा शोधली’ म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. गावात कोणाला ठाऊक नाही असं भोक डोंगराला सहसा नसतंच. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन बसा, चहा घ्या, घाई करू नका. आमच्या सोबतीला येणारे मामा तोंडाशी पोचलो की आधी वर बघतात. “भाऊ, आंदी मोहोळ पाहा. मंग अस्वलाचा माग पाहा. मंग तुमचा टेप काहाडा.” सुरक्षिततेवरचं याहून नेमकं व्याख्यान मी ऐकलेलं नाही. आत देव असेल तर चपला बाहेर, आणि पुढे जायचं की नाही हे गाव ठरवेल. गोंदियाचं कचारगड बघा, माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची केवढी गर्दी लोटते! असल्या जागी आपण पाहुणे.

आता मोजणी. नवा माणूस आला की त्याला पुढे घुसायचं असतं. मी त्याच्या हाती वही देतो. नकाशा वहीतूनच निघतो, म्हणून वही धरणारा हाच टीमचा खरा म्होरक्या.

काम असं चालतं. एक जण पुढे जाऊन पुढचं स्टेशन, म्हणजे मापाचा पुढचा बिंदू, ठरवतो. मागचा त्यावर नेम धरून लांबी, होकायंत्राची दिशा आणि चढउताराचा कोन मोठ्यानं सांगतो. लिहिणारा प्रत्येक आकडा परत म्हणतो.

“चार ते पाच. आठ चाळीस.”
“आठ चाळीस.”
“दिशा दोनशे बारा.”
“दोनशे बारा.”
“उतार, वजा वीस.”
“वजा वीस.”

चौथ्या स्टेशनपासून पाचव्यापर्यंतच्या ८.४० मीटरच्या या एका ओळीतून कळतं, की आपण आडवे ७.८९ मीटर सरकलो आणि २.८७ मीटर खाली उतरलो. शिवाय प्रत्येक स्टेशनवर डावी-उजवी भिंत, छत आणि जमीन किती अंतरावर आहे तेही लिहायचं, आणि जागेवरच स्केच काढायचं. बाहेर आल्यावर आठवून काढलेलं स्केच म्हणजे कल्पनाविलास. पुढच्या स्टेशनवरून उलटी दिशा घेतली तर १८० अंशांचा फरक यायला हवा. दोन अंशांहून जास्त चुकलं तर पुन्हा मोजा. बहुतेकदा दोष खिशातल्या चुंबकवाल्या मोबाइल कव्हरचा नाहीतर हेडलॅम्पच्या बॅटरीचा निघतो. डिस्टोएक्स नावाचं लेझर यंत्र तिन्ही मापं एकदम घेतं आणि मोबाइलवरच्या टोपोड्रॉइड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये टाकतं. सोयीचं आहे, पण शिकणाऱ्यानं सुरुवात टेप आणि होकायंत्रानंच करावी असं माझं ठाम मत आहे. आकडा चुकलाय हे मग हातालाच कळतं.

टीम चौघांची बरी. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो, दोघं मदतीला जातात. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे. किती वाजेपर्यंत बाहेर आलो नाही तर शोधायला यायचं, हे गावात एकाला सांगून ठेवायचं. जून ते सप्टेंबर आत पाऊल नाही. डोंगरावर पडलेला पाऊस आतल्या वाटा कधी भरेल सांगता येत नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. खोलगट, बंद जागी जड कार्बन डायऑक्साइड साचतो. बसल्या जागी धाप लागली, डोकं ठणकलं, तर चर्चा न करता मागे फिरा.

वटवाघळांची वसाहत, विशेषतः पिल्लं असताना, टाळाच. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतल्या बुरशीनं फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, म्हणून मास्क हवा. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाहविरोधी अँटिबॉडी आढळल्या होत्या. घाबरायचं कारण नाही, पण हात लावायचं तर मुळीच नाही.

आणि पोटापाण्याचं? ‘गुहा सर्वेक्षक’ अशी जाहिरात तुम्हाला पेपरात दिसणार नाही. भूशास्त्र, भूजल, पुरातत्त्व किंवा वन्यजीव यांपैकी एक विषय धरा. गुहेची मोजणी त्यात कामी येते. भूशास्त्र नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत शिकता येतं. लांबलचक गुहा बघायच्या असतील तर मेघालय गाठावं लागतं. तिथली क्रेम पुरी २४ किलोमीटरहून लांब मोजली गेली आहे, आणि १९९२ पासून तिथे देशी-परदेशी मोहिमा होत आल्या आहेत. आपल्याकडच्या गुहा त्यामानानं चिमुकल्या, म्हणून शिकायला चांगल्या: एका दिवसात मोजून संध्याकाळी सर्व्हेक्स या गुहा-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरता येतात.

जंगलात जागा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा, व्याघ्र प्रकल्पात तर ती गृहीत धरूच नका. नकाशाची एक प्रत गावात द्या. तोंडाचं अचूक लोकेशन मात्र इन्स्टाग्रामवर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे स्प्रे पेंट घेऊन कोणीतरी हजर होतो.