जुने इन्स्टॉलर आपोआप साफ करताना या चुका टाळा

सी ड्राइव्ह भरला की क्लीनअप स्क्रिप्टमध्ये (जुन्या फाइली आपोआप काढणाऱ्या कमांडच्या यादीत) पहिला बळी जातो तो विंडोज फोल्डरमधल्या ‘इन्स्टॉलर’ या लपवलेल्या फोल्डरचा. तो काही जीबींचा असतो आणि आतल्या नावांवरून काहीच कळत नाही, म्हणून कचरा वाटतो. त्याला हात लावू नका. आतल्या एमएसआय (इन्स्टॉलर) आणि एमएसपी (पॅच) फाइली बसवलेल्या प्रोग्रामच्याच आहेत. डिलीट केल्या त्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. पुढे अपडेट किंवा अनइन्स्टॉल करायला गेलं की १६१२ किंवा १६०३ एरर येते. शेजारच्या मशीनवरून फाइल उचलून चालत नाही, कारण हीच फाइल तिथे वेगळ्या नावाने असते. मग त्याच व्हर्जनचा मूळ सेटअप शोधत बसावं लागतं. ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरमधल्या ‘पॅकेज कॅश’चंही तसंच, तिथेही बसवलेल्या प्रोग्रामचे सेटअप असतात.

दुसरी चूक तारखेची. ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या फाइली शोधणारी ‘फोरफाइल्स’ कमांड मॉडिफाइड तारीख (फाइल शेवटची बदलली ती) बघते. सर्व्हरच्या शेअरवरून कॉपी केलेली फाइल ही तारीख जुनीच घेऊन येते. म्हणजे सकाळी आणलेला, पण दोन वर्षांपूर्वी बनलेला सेटअप ‘३० दिवसांपेक्षा जुनं काढा’ अशा नियमात त्याच रात्री उडतो. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेत) ‘क्रिएशनटाइम’ म्हणजे फाइल या डिस्कवर बनल्याची वेळ तपासा. कॉपी झाली की ती नव्याने पडते.

कॉन्फिगरेशन मॅनेजर (ऑफिसच्या मशीनवर सॉफ्टवेअर पाठवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) असेल तर ‘सीसीएमकॅश’मधले, म्हणजे त्याने डाउनलोड केलेल्या सेटअपचे, फोल्डर थेट डिलीट करू नका. डब्ल्यूएमआयमधली (विंडोजच्या अंतर्गत माहितीसाठ्यातली) नोंद तशीच राहते, क्लायंटला (मशीनवर बसवलेल्या त्या टूलच्या भागाला) कंटेंट जागेवर आहे असं वाटतं आणि इन्स्टॉल फसतं. क्लायंटच्या ‘डिलीट कॅश एलिमेंट’ मेथडनेच काढा, वय ‘लास्ट रेफरन्स टाइम’वरून ठरवा. खरं तर इथे अनेकदा स्क्रिप्टची गरजच नसते: कॅशची मर्यादा मुळात ५१२० एमबी असते, ती क्लायंट सेटिंगमधून कमी करता येते.

स्क्रिप्ट चालवणारा शेड्यूल केलेला टास्क चालतो, लॉगमध्ये एररही नाही, पण यूजरचे डाउनलोड्स फोल्डर भरलेलेच? टास्क सिस्टिम अकाउंटवर (यूजरच्या नव्हे, विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर) आहे. तिथे ‘यूजरप्रोफाइल’ व्हेरिएबल सिस्टिमच्याच प्रोफाइलकडे जातो, त्यामुळे ‘यूजर्स’खालच्या प्रत्येक फोल्डरवर लूप लावा.

फोल्डरचा पाथ व्हेरिएबलमध्ये असेल, त्यापुढे ‘\*’ जोडलेलं असेल आणि व्हेरिएबल रिकामा राहिला, तर ‘रिमूव्ह-आयटम’ ही डिलीट कमांड ड्राइव्हच्या मुळापासून पुसायला लागते. व्हेरिएबल रिकामा असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. पहिला आठवडा काहीही डिलीट न करता फक्त पूर्ण पाथ लॉगमध्ये लिहा. त्यात विंडोज फोल्डरची एकही ओळ दिसली तर फिल्टर चुकलाय.