पीक उन्हाला तयार होते, पण त्याला अवधी द्या

उन्हाळा हळूहळू चढला तर पीक तग धरते. तेच तापमान दोन दिवसांत उसळले तर पाने करपतात. पारा दोन्ही वेळा तेवढाच, फरक पेशींना तयारीसाठी मिळालेल्या वेळेचा. पुढच्या काही आठवड्यांची कामे आखताना हे धरून चाला.

पेशीतल्या प्रत्येक प्रथिनाची ठरलेली घडी असते आणि घडी नीट असेल तरच ते काम करते. तापमान नेहमीपेक्षा 5 ते 10 अंशांनी वर गेले की घड्या उलगडू लागतात आणि उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तोच हा प्रकार. हे टाळायला पेशी रोजची बरीच कामे बाजूला सारते आणि ‘हीट शॉक प्रथिने’ बनवायला घेते. ही प्रथिने मोडू लागलेल्या घड्या सावरून धरतात. 1962 मध्ये फेरुचिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला उष्णता लागलेल्या फळमाशीच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले, तिथून या यंत्रणेचा माग लागला. पुढे ती जीवाणूंपासून झाडांपर्यंत सगळीकडे सापडली.

आपल्या कामाचा भाग असा, की सोसवेल इतकी उष्णता आधी लागून गेली असेल तर एरवी जीव घेणारी उष्णताही रोप काही काळ सोसते. मात्र ही तयारी थोड्या दिवसांत ओसरते.

म्हणून रोपवाटिकेतली रोपे थेट रानात नेऊ नका. पुनर्लागवडीआधी 7 ते 10 दिवस शेडनेट रोज थोडा जास्त वेळ बाजूला करा. आधी सकाळचे कोवळे ऊन, मग दुपारकडे सरका. पाणी बेताचे द्या, पण रोप पार मान टाकेपर्यंत थांबू नका. नत्र हात राखूनच. युरियावर वाढलेले हिरवेगार, लुसलुशीत रोप बघायला छान दिसते आणि पहिल्याच कडक उन्हात लोळते. लागवड संध्याकाळी करा, म्हणजे मुळांना निदान एक रात्र मिळते.

फुलोऱ्याचे गणित वेगळे आहे. पान उष्णतेशी झगडू शकते, परागकण फारसे नाही. पक्व परागकणात ही संरक्षक प्रथिने फारच कमी तयार होतात. त्यामुळे झाड हिरवे दिसते, फुलेही येतात, पण फळ धरत नाही. भातात फुलोऱ्याच्या वेळी पारा 35 अंशांच्या वर गेला की पळींज, म्हणजे दाणा न भरलेली पोकळ साळ, वाढते. टोमॅटोला दिवसाइतकीच रात्रही नडते, कारण रात्रीचा पारा 21 ते 24 अंशांच्या खाली उतरला नाही तर फळधारणा घटते. यावर फवारणीचा खात्रीचा उपाय नाही, बाटलीवर काहीही लिहिलेले असो. पेरणीची तारीख आणि वाण असे निवडा की फुलोरा ऐन उष्णतेत सापडणार नाही.

उभ्या पिकात पाणी हेच मोठे औषध. पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची बारीक छिद्रे, उघडी असली की बाष्प बाहेर पडते आणि पान थंड राहते. पाणी तुटले की रंध्रे मिटतात आणि पान हवेपेक्षाही तापते. तेव्हा उष्णतेच्या लाटेचा अंदाज आला की लाट येण्याआधीच ओलीत करा. मग पाण्याच्या पाळ्या जवळ आणा, पण वाफसा, म्हणजे मातीतला ओल आणि हवेचा मेळ, मोडू नका, कारण पाणी साचलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि पीक ओलीतही सुकते. ओळींमध्ये काडीकचऱ्याचे आच्छादन टाका. या दिवसांत पाने काढणे, छाटणी, दुपारची फवारणी बंद. पानाआडचे फळ उघडे पडले की त्याला चट्टा पडलाच म्हणून समजा.

लाट ओसरली की लगेच खताचा मारा करू नका. पेशींची डागडुजी चालू असते, त्यात काही दिवस जातात. आधी हलके पाणी द्या. करपलेली पाने तशीच राहू द्या, खालच्या भागाला त्यांची सावली मिळते. पीक मोडायचा विचार असेल तर चार-पाच दिवस थांबा आणि शेंडा पाहा. तो हिरवा असून नवे पान सोडत असेल, तर नांगर घालू नका.