ॲस्टर दुसऱ्या वर्षी का फुटत नाही? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या बागांत मला दर वर्षी त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एक गैरसमज असतो. महाराष्ट्रात हारांसाठी बाजारात येणारा ॲस्टर म्हणजे चायना ॲस्टर. बी पेरावे, फुले तोडावीत आणि झाड उपटून टाकावे, असे ते हंगामी पीक आहे. इकडचे न्यू इंग्लंड ॲस्टर आणि न्यूयॉर्क ॲस्टर मात्र बहुवर्षायू आहेत. हिवाळ्यात त्यांचा जमिनीवरचा भाग वाळून जातो, मुळे तेवढी जगतात, त्यामुळे सगळी काळजी घ्यायची ती मुळांची.

ऑक्टोबरात फुलांनी भरलेली कुंडी आणून जमिनीत लावणे, ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे. मीही पहिल्या वर्षी तेच केले होते. तीन कुंड्या आणल्या, विक्रेत्याने ‘दर वर्षी येतील’ असे सांगितले, आणि एप्रिल संपत आला तरी एकही कोंब दिसला नाही. उकरून पाहिले, तर मातीचा गड्डा अजून कुंडीच्याच आकाराचा होता; एकही मूळ बाहेरच्या जमिनीत शिरलेले नव्हते, आणि हिवाळाभर जमीन गोठून पुन्हा वितळत राहिल्याने तो गड्डा दोन बोटे वर उचलला जाऊन उघडा पडला होता. फुलावर आलेले झाड आपली ताकद फुलांवर खर्च करते. तेवढ्यात जमीन थंड होते आणि जारवा, म्हणजे नवी बारीक मुळे, धरायला त्याला वेळच उरत नाही. म्हणून मी आता मे महिन्यातच, साधारण 60 सेंटीमीटर अंतरावर, लहान रोपे लावते. ऑक्टोबरात कोणी कुंडी भेट दिलीच, तर फुले ओसरल्यावर ती गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवते, माती अगदी कोरडी पडली तरच थोडे पाणी देते आणि वसंतात जमिनीत लावते. ज्यांना आजच फुललेला वाफा हवा असतो त्यांना हे सांगून पटत नाही, पण या झाडाच्या बाबतीत घाईचा कोणताही मार्ग मला टिकलेला दिसला नाही.

दुसरी चूक म्हणजे ॲस्टरचे बेट, म्हणजे एका झाडापासून पसरलेला फुटव्यांचा झुबका, वर्षानुवर्षे न हलवणे. चौथ्या-पाचव्या वर्षी मधला भाग लाकडासारखा होऊन मरतो, फुटवे फक्त कडेने येतात, आणि लोक खत वाढवत राहतात. खताने मधला भाग पुन्हा फुटत नाही. उलट नत्र जास्त झाले की दांडे उंच, लुसलुशीत होऊन पहिल्याच वादळी पावसात आडवे होतात. मी दर तिसऱ्या एप्रिलमध्ये कोंब बोटभर झाले की संपूर्ण बेट फावड्याने उचलते, कडेचे मुळांसकट फुटवे वेगळे करून लावते आणि मधला भाग निःसंकोच टाकून देते.

शेंडे खुडायचे ते मे आणि जूनमध्ये. 4 जुलैनंतर खुडल्यास कळ्याच जातात. ‘पर्पल डोम’सारख्या बुटक्या जातीला खुडणीची गरज नसते.

न्यूयॉर्क ॲस्टरवर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा रोग, लवकर येते. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे आणि दाटी झालेले दांडे जूनमध्येच विरळ करावेत. ऑगस्टमध्ये पाने पांढरी झाल्यावर स्वयंपाकघरातील सोड्याचे पाणी फवारत बसण्यात अर्थ नाही, कारण ती पाने काही पूर्ववत होत नाहीत. न्यू इंग्लंड ॲस्टरची खालची पाने उन्हाळ्यात तपकिरी होतात, तेव्हा मात्र लगेच रोग समजू नये. बहुतेकदा माती कोरडी पडलेली असते. वाळलेली पाने झाकायला पुढे एखादे बुटके झाड लावावे.

सावलीत लावू नये. किमान सहा तास ऊन हवे.

फुले संपताच दांडे जमिनीलगत कापण्याची सवयही सोडावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरे या फुलांवर मध घेतात आणि पुढे बियांवर छोटे पक्षी येतात. वाळके दांडे मी मार्चअखेर वीतभर ठेवून कापते, तेव्हा बुंध्याशी नवे कोंब लाल दिसू लागलेले असतात.